मोफत वाटलेले ज्ञान

प्रत्येक पेढीची काही गुपिते असतात. माल कोणत्या भावाने पडला, कोणत्या गावचा व्यापारी उधारी वेळेवर फेडतो, मसाल्यात कोणता जिन्नस किती पडतो, या गोष्टी बाप मुलाला सांगतो आणि मुलगा नातवाला. दुकानातल्या जुन्या मुनिमालाही त्या सगळ्या ठाऊक नसतात. यात गैर काही नाही. ज्या माहितीवर घर चालते ती सांभाळावीच लागते. परंतु काही माहिती अशी असते की ती एका घरात बंद राहिली तर दुसऱ्या घरातले माणूस दगावते. वैद्यकाचे ज्ञान हे या जातीचे आहे आणि म्हणून त्याला पेढीचा नियम लावता येत नाही.

एके काळी तो लावला गेला होता. फ्रान्समधील धर्मछळाला कंटाळून विल्यम चेंबरलेन नावाचा गृहस्थ १५६९ मध्ये कुटुंबासह इंग्लंडला आला. त्याच्या वंशजांनी सतराव्या शतकाच्या आरंभी अडलेल्या बाळंतिणीची सुटका करणारा चिमटा वापरात आणला. बाळाचे डोके दोन्ही बाजूंनी अलगद धरून त्याला बाहेर काढता येईल, असे ते साधन होते. त्यापूर्वी अशा प्रसंगी आई किंवा मूल, पुष्कळदा दोघेही, हाती लागत नसत. चेंबरलेन घराण्याने हे साधन घरातच ठेवले. मोठ्या नक्षीदार पेटीतून ते नेले जाई, खोलीतून नातलगांना बाहेर काढले जाई आणि खुद्द बाळंतिणीच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जाई, असे सांगतात. घराण्यातील ह्यू चेंबरलेन १६७० मध्ये पॅरिसला गेला तो हे गुपित मोठ्या रकमेला विकण्यासाठी. सौदा फिसकटला. पुढे १७३० नंतर चिमट्याची माहिती पुस्तकांतून सर्वांपुढे आली, तोवर शंभरहून अधिक वर्षे गेली होती. १८१३ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील त्यांच्या जुन्या वाड्यात फरशीखाली ते चिमटे सापडले. त्या शंभर वर्षांत शेजारच्या गावातील सुइणीला जे कळले असते तर वाचल्या असत्या, अशा स्त्रियांची नोंद कोणत्याही वहीत नाही.

बनगावचे दोन महिने

याच्या नेमके उलट वागणे कसे असते, हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते. सीमेजवळच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. तेथील छोट्या रुग्णालयात खाटा अपुऱ्या होत्या, रुग्ण जमिनीवर पडलेले होते आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते. त्या ठिकाणी काम करणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे पर्याय उरला नव्हता. मीठ व ग्लुकोज ठरावीक प्रमाणात पाण्यात मिसळून तोंडाने दिल्यास शरीर ते पाणी शोषून घेते, हे संशोधन ढाका आणि कोलकाता येथे झाले होते. मात्र ते देखरेखीखालच्या रुग्णांवर झालेले होते. हजारोंच्या गर्दीत, शिकलेल्या परिचारिकांवाचून ते चालेल काय, याची खात्री कोणालाच नव्हती.

महालनबीस यांनी एका लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे प्रमाण ठरविले. कोलकात्यात पुड्या बांधल्या गेल्या, पिंपांत पाणी कालविले गेले आणि रुग्णांच्या आयाबहिणींच्या हाती पेले दिले गेले. पेल्यापेल्याने पाजणे हेच काम. सलाइन अपुरे असताना अशा साथीत शंभरातील तीसपर्यंत रुग्ण दगावत. तेथे ते प्रमाण चारच्याही खाली आले.

त्यानंतर त्यांनी जे केले ते अधिक महत्त्वाचे आहे. मिश्रणाची कृती लिहिलेली पत्रके सीमाभागात वाटण्यात आली आणि गुप्तपणे चालणाऱ्या बांगलादेशी रेडिओ केंद्रावरून ती वाचून दाखविण्यात आली. कृतीचे पेटंट घेतले गेले नाही. १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकाने हा उपाय शतकातील सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरू शकेल असे मत नोंदविले आणि पुढे जगभरातील कोट्यवधी मुले त्यामुळे वाचली. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या स्त्रिया १९८० नंतरच्या दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ व मूठभर गूळ यांचे मिश्रण कसे करावे, हे चुलीपाशी बसून शिकवून आल्या. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. मरणोत्तर पद्मविभूषण २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले.

पत्रक आणि रेडिओ यांची जागा आता दूरध्वनीच्या पडद्याने घेतली आहे. त्या काळी बनगावची कृती सीमा ओलांडण्यास दिवस लागले. आज तेच काम क्षणात होते. म्हणूनच वैद्यकीय ज्ञान इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत असावे काय, असल्यास त्याचा खर्च कोणी सोसावा आणि मोफत मिळालेल्या माहितीतील खरे-खोटे कसे ओळखावे, हे तीन प्रश्न आज घराघराचे झाले आहेत.

कुलूप कोठे आहे

पहिल्या प्रश्नाचा निम्मा भाग अमेरिकेतील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने सोडविला. जगातील वैद्यकीय लेखांची सूची करण्याचे काम तेथील लष्करी शल्यवैद्य जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये सुरू केले. शंभर वर्षे ती जाडजूड खंडांत छापली जात असे. संगणक आल्यावर ती त्यावर चढली, पण शोध घेण्यास पैसे पडत. जून १९९७ मध्ये ‘पबमेड’ या नावाने ती जगातील कोणालाही मोफत खुली झाली. आज तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. सांगलीचा डॉक्टर, नैरोबीची परिचारिका किंवा आजारी वडिलांची काळजी करणारी निपाणीची मुलगी, सर्वांना एकच दार.

मात्र सूची म्हणजे लेख नव्हे. लेखाचे नाव आणि सारांश दिसतो. पूर्ण लेख उघडू गेल्यास पुष्कळदा तीस-चाळीस डॉलर मागितले जातात. याचा परिणाम काय होऊ शकतो, ते लायबेरिया या पश्चिम आफ्रिकेतील देशाने सोसले. २०१४ मध्ये तेथे इबोलाची साथ पसरली. हा रोग या भागात पूर्वी नव्हताच, असे सर्व समजत होते. साथ ओसरू लागल्यावर देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८२ सालचा एक लेख आढळला. युरोपीय संशोधकांनी लायबेरियातील लोकांचे रक्त तपासून, या देशाचा समावेश इबोलाच्या क्षेत्रात करावा लागेल आणि तेथील वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी सावध असावे, असे त्यात लिहून ठेवले होते. लेख युरोपातील नियतकालिकात छापला गेला होता आणि त्याच्या लेखकांत लायबेरियाचा एकही नव्हता. २०१५ मध्येही अशा प्रकारचा एखादा लेख उघडण्यास ४५ डॉलर पडत. तेथील डॉक्टरची ती जवळपास अर्ध्या आठवड्याची कमाई होती. केवळ शुल्कामुळे साथ पसरली असे कोणी म्हणणार नाही. रुग्णालये, डॉक्टर, हातमोजे यांचाही तुटवडा होता. तथापि ज्यांच्या रक्तातून ते ज्ञान काढले गेले त्यांनाच ते तेहतीस वर्षे पोहोचले नाही, हे सत्य उरते. त्या साथीत एकट्या लायबेरियात ४,८०० हून अधिक माणसे गेली.

मुंबईने या बाबतीत लवकर पाऊल उचलले, ही समाधानाची गोष्ट आहे. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून व केईएम रुग्णालयातून १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे नियतकालिक निघते. त्याचे लेख इंटरनेटवर मोफत वाचनास ठेवणाऱ्या भारतातील पहिल्या काही वैद्यकीय नियतकालिकांत त्याची गणना होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, १९१३ पासून चालत आलेले मुखपत्रही आज कोणालाही विनामूल्य वाचता येते.

मोफत म्हणजे कोणाच्या खात्यातून

व्यवहार जाणणाऱ्या माणसाला एक शंका येतेच. लेख तपासायचे, सुधारायचे, जतन करायचे, तर खर्च येतो. वाचक देत नसेल तर कोणी तरी देतच असणार. ही शंका रास्त आहे. पुष्कळ ठिकाणी आता लेख लिहिणाऱ्या संशोधकाकडून शुल्क घेतले जाते आणि नामवंत नियतकालिकांत ते लाखो रुपयांच्या घरात जाते. श्रीमंत विद्यापीठाला ते झेपते. जिल्हा रुग्णालयातील हुशार डॉक्टरला झेपत नाही. वाचनाचे दार उघडले, पण लिहिण्याचे लहान झाले, अशी ही स्थिती आहे. शिवाय याच मार्गाने, पैसे भरले की काहीही छापून देणारी बनावट नियतकालिके निघाली आणि अशा धंद्यात आपल्या देशाचे नाव वारंवार येते, ही लाजिरवाणी बाब आहे.

सरकारने दुसरा मार्ग धरला. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्था असा तिचा पसारा आहे. घाऊक खरेदीत भाव उतरतो, हे व्यापारी कुटुंबांना सांगावे लागत नाही. लाभ मोठा आहे. परंतु तो सरकारी संस्थांच्या उंबरठ्यापर्यंतच जातो. तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालविणारा डॉक्टर किंवा धर्मादाय रुग्णालयातील परिचारिका या योजनेबाहेरच आहे. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन आरंभापासूनच सर्वांना खुले ठेवण्याची अट हा अधिक टिकाऊ उपाय ठरतो आणि अमेरिकेसह काही देशांनी ती घातलीही आहे.

अर्धी पुडी

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. मोफत ज्ञान वाटले जाताना त्याचा महत्त्वाचा भाग वाटेत गळून पडला तर काय होते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. जून २०२० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘रिकव्हरी’ या चाचणीने कोरोनावर डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड उपयोगी असल्याचे जाहीर केले. चाचणीत सहा हजारांहून अधिक रुग्णांची तुलना झाली होती आणि निष्कर्ष लपवून न ठेवता तत्काळ खुले करण्यात आले. व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने, तर केवळ प्राणवायू लागलेल्यांचे सुमारे एक-पंचमांशाने घटले. याच निष्कर्षात तिसरे वाक्यही होते. ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना या औषधाचा लाभ आढळला नाही आणि अपाय होण्याची शक्यता नाकारता येत नाही.

घराघरांतून फिरलेल्या संदेशांत पहिली दोन वाक्ये राहिली, तिसरे गळले. दूरध्वनीवर आलेली कोणाची तरी औषधांची चिठ्ठी पाहून अनेकांनी तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ती गोळी सुरू केली. स्टिरॉइडने रक्तातील साखर वाढते आणि रोगप्रतिकारशक्ती मंदावते. मधुमेह असलेल्या माणसास हे दुहेरी संकट. त्यानंतरच्या महिन्यांत काळ्या बुरशीच्या आजाराने किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अवाजवी वापर ही त्याची मुख्य कारणे होती. मूळ ज्ञान खुले होते आणि बिनचूक होते. अर्धे वाटले गेल्यामुळे ते विषासारखे झाले.

मीठ-साखरेच्या पाण्याबाबतही असेच घडले. आतड्याच्या आवरणातून ग्लुकोज आत जाताना मिठातील सोडियमला सोबत नेते आणि त्यामागून पाणी जाते, हे या उपायाचे रहस्य आहे. प्रमाण जुळले तरच ते घडते. साखर फार झाली तर उलट शरीरातील पाणी आतड्यात ओढले जाते व जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून सुचविलेल्या पुडीत एका लिटरसाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. बाजारात मात्र ‘ओआरएस’ ही अक्षरे नावात मिरविणारी, साखरेचे प्रमाण कित्येक पट असलेली फळांच्या चवीची पेये औषधांच्या दुकानांतूनच विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षे चित्रफिती करून, लेबल वाचून दाखवून, हा फरक लोकांना मोफत समजावला आणि न्यायालयातही दाद मागितली. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, प्रमाणित सूत्र नसलेल्या पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्याची पूर्वीची परवानगी काढून घेतली. १९७१ मध्ये एका डॉक्टरने जे वाटले, त्याची शुद्धता राखण्यासाठी २०२५ मध्ये दुसऱ्या डॉक्टरला झगडावे लागले. किराणा किंवा औषधांचे दुकान असलेल्या प्रत्येक कुटुंबाने मांडणीवरील खोकी या दृष्टीने एकदा तपासून पाहावीत.

घरासाठी पाच कसोट्या

सोन्याचा व्यापारी दागिना हाती आला की आधी कसोटीवर घासतो आणि मग वजन करतो. आरोग्याची माहिती हाती आली की पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, लिहिणाऱ्याचे नाव व पात्रता दिलेली आहे काय. निनावी सल्ला निनावी हुंडीसारखा असतो. तो वटवण्यास जाऊ नये.

दुसरी, तारीख आहे काय. वैद्यकात दहा वर्षांपूर्वीचे मत आज बदललेले असू शकते.

तिसरी, हा उपाय कोणासाठी नाही, हे सांगितले आहे काय. ज्या मजकुरात फक्त गुण आहेत आणि वर्ज्य काहीच नाही, तो जाहिरात समजावा.

चौथी, माहिती देणाऱ्यास त्यातून काही विकायचे आहे काय. विकण्यात पाप नाही, परंतु सल्ला आणि विक्री एकाच तोंडातून आल्यास सल्ल्याचे वजन कमी धरावे.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, चालू औषध बंद करण्यास सांगितले आहे काय. रक्तदाब, मधुमेह, अपस्मार किंवा हृदयविकाराची गोळी दूरध्वनीवरील संदेश वाचून थांबवू नये. आपल्या डॉक्टरला तो मजकूर दाखवून विचारावे. चांगला डॉक्टर अशा प्रश्नाने रागावत नाही.

याबरोबर एक संयमही हवा. ज्ञान वाटावे, रुग्णाचे नाव वाटू नये. काकूंचा अहवाल, कोणाच्या सुनेची सोनोग्राफी, आजोबांचे रुग्णालयातील छायाचित्र हे नातेवाइकांच्या गटात टाकण्यापूर्वी त्या व्यक्तीची अनुमती घेतली जाते काय, याचा विचार प्रत्येक घराने करावा. तरुण मुलीच्या आजाराची वार्ता तिच्या विवाहाच्या बोलण्यापर्यंत कशी पोहोचते, हे समाजात सर्वांना ठाऊक आहे.

ट्रस्टांना करता येण्याजोगे

श्रावकाच्या दानांत औषधदान आणि ज्ञानदान ही दोन्ही सांगितली आहेत. समाजाने दवाखाने बांधले, रुग्णवाहिका दिल्या, डोळ्यांची शिबिरे भरविली. त्या मानाने ज्या ठिकाणी ही दोन्ही दाने एकत्र येतात, त्या ठिकाणी अजून फारसे काम झालेले नाही. इंग्रजीत मोफत असलेली माहिती ज्या आजीला वाचता येत नाही, तिच्यासाठी ती कुलूपबंदच आहे. मराठीत सोप्या भाषेत लिहिलेली, जाणत्या डॉक्टरने तपासलेली, त्याचे नाव व तारीख घातलेली आणि दरवर्षी पुन्हा पाहिलेली पत्रके एखाद्या धर्मादाय ट्रस्टने तयार करून सर्वांना खुली केली, तर त्यास येणारा खर्च एका स्वागत-कमानीहून अधिक नसेल. विषयांची वाण नाही. मधुमेही माणसाच्या पायांची निगा, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर काय टाळावे, पडलेल्या वृद्धाला कसे उचलावे, एवढ्या गोष्टीही कुटुंबाला मोठा आधार देतील. पर्युषणात उपवास धरणाऱ्या मधुमेही व्यक्तीने इन्सुलिन व गोळ्यांची मात्रा आधीच डॉक्टरकडून ठरवून घ्यावी आणि घाम, थरथर, गोंधळलेपणा जाणवताच काय करावे, या विषयाचे एक पत्रक तर चातुर्मास सुरू होण्यापूर्वी प्रत्येक स्थानकात व मंदिरात पोहोचले पाहिजे.

आरंभ मात्र आजच, घरापासून करता येईल. एक लिटर स्वच्छ, उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ, एवढी ती कृती आहे. चमचे मोजूनच घालावेत, अधिक गोड केल्याने गुण वाढत नाही. पुडी मिळत असल्यास पुडीच वापरावी आणि तिच्यावर लिहिलेले पाणी पूर्ण घ्यावे. केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. लहान मुलाला अंगावरचे दूध चालू ठेवावे. मूल सुस्त झाले, पाणी पिईनासे झाले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी वेळ न घालविता रुग्णालय गाठावे. ही कृती कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवावी आणि तिची एक प्रत घरी कामास येणाऱ्या बाईंच्याही हाती द्यावी.